पिस्तूलचा रेड डॉट : नुसता ठिपका घ्यावा की गोलातला ठिपका? वर्षभर वापरून लिहितोय

पहिल्यांदाच सांगून टाकतो, हे सगळं एअर पिस्तूलबद्दल आहे, .१७७ चे छर्रे टाकून कागदाच्या टार्गेटवर दहा मीटरवरून मारायचं ते, लायसन्स न लागणारं. त्यावर रेड डॉट साइट, म्हणजे काचेत उजेडाचा ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणारी वस्तू, लावायची म्हणलं की दुकानात आणि ऑनलाइन सगळे किंमत, बॅटरी, वॉटरप्रूफ हेच बोलतात, आणि आत दिसणारी खूण म्हणजे रेटिकल कुठलं घ्यायचं याबद्दल कोणीच नीट सांगत नाही. मला पण कोणी सांगितलं नव्हतं. वर्षभर माझ्या साइटमधल्या चारही खुणा आलटून पालटून वापरल्या, वहीत नोंदी ठेवल्या, आता जे कळलंय ते लिहितो.

माझं वय ४९. लहानपणापासून दर जानेवारीला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, फुगे फोडायचा नाद, अण्णा खांद्यावर बसवून न्यायचे तेव्हापासूनचा. पुढं स्वतःचं एअर पिस्तूल घेतलं, ब्रेक बॅरल, स्प्रिंगचं. आठ-दहा वर्षं छान चाललं. मग पंचेचाळिशीनंतर पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, धूसर दिसायला लागली. जवळचा चष्मा घातला की माशी स्वच्छ पण टार्गेट म्हणजे नुसता काळा डाग, चष्मा काढला की टार्गेट दिसतंय पण माशी गायब. उघड्या साइटमध्ये मागची खाच, पुढची माशी आणि टार्गेट अशा तीन गोष्टी तीन अंतरावर असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो, तरुणपणी तो झटपट बदलतो म्हणून जाणवत नाही. रेड डॉटमध्ये ती खूण डोळ्याला लांब, टार्गेटच्याच बाजूला असल्यासारखी दिसते, त्यामुळं नजर टार्गेटवरच ठेवायची आणि ठिपका त्यावर आणून ठेवायचा, बास. चाळिशी ओलांडलेल्यांना एवढ्या एका कारणासाठी ही वस्तू घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी प्रॅक्टिसची जागा म्हणजे चुलत्यांचा बंद पडलेला माग कारखाना. माग विकले, शेड राहिली, लांबलचक, दोन ट्यूबलाइट, माणसांची ये-जा नाही. दहा मीटर टेपनं मोजून खडूची रेघ मारलेली आहे. टार्गेटच्या मागं जाड फळी आणि फळीच्या पुढं वीतभर अंतर सोडून जुनी सोलापुरी चादर चार घड्या करून मोकळी लटकवलेली. मोकळी पाहिजे, ताणून बांधली तर छर्रा आरपार जाऊन फळीवर आपटतो, मोकळी असली की चादर हलते, सगळा जोर खाऊन टाकते आणि छर्रा खाली पडतो. संध्याकाळी झाडू मारला की सगळे गोळा. ही चादर पुढं रेटिकलच्या बाबतीत पण कामाला आली, सांगतो.

साइट घेतली ती उघड्या काचेची, चार खुणा असलेली, लाल आणि हिरवा दोन्ही रंग, सीआर २०३२ सेल, आणि खाली पिस्तूलवरच्या ११ मिमीच्या खाचेला बसणारा माउंट, म्हणजे साइट धरून ठेवणारी पकड. कंपनीचं नाव मुद्दाम लिहित नाही कारण अशाच बनावटीच्या साइट दहा वेगवेगळ्या नावांनी मिळतात. चार खुणा म्हणजे नुसता ठिपका, गोल आणि मध्ये ठिपका, नुसती फुली, आणि गोलात फुली.

पार्सल आलं, सेल घातला, चालू केली आणि माझं तोंडच उतरलं. ठिपका म्हणून जे दिसत होतं ते गोल नव्हतंच, स्वल्पविरामासारखं, एका बाजूला शेपूट फुटलेलं आणि भोवती बारीक किरणं. म्हणलं फसवलं, रिटर्न टाकायचं. तेवढ्यात भाचा आला होता, बारावीला आहे, त्यानं हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "मामा, मला तर एकदम गोल दिसलालंय की." मी म्हणलं नीट बघ. तो म्हणाला, "नीटच बघलालोय ओ, टिकलीसारखं गोल आहे."

तिथं मला पहिल्यांदा शंका आली की गडबड साइटमध्ये नसून माझ्या डोळ्यात आहे. मग तीन गोष्टी करून बघितल्या आणि या प्रत्येकानं साइट परत पाठवायच्या आधी कराव्यात. एक म्हणजे मोबाइलचा कॅमेरा काचेमागं धरून ठिपक्यावर फोकस करून फोटो काढायचा, फोटोत गोल आला तर साइट ठीक आहे. दुसरं, साइटमधून बघत बघतच ती हळूहळू कुशीवर वळवून आडवी करायची, ठिपक्याचं शेपूट साइटबरोबर फिरलं तर दोष साइटचा, शेपूट होतं त्याच दिशेला राहिलं तर दोष डोळ्याचा. माझं शेपूट जागचं हललं नाही, सतत उजवीकडं खालीच. आणि तिसरं, कागदाला टाचणीनं भोक पाडून त्यातून बघायचं, भोकातून ठिपका सुधारला तर डोळाच. भोकातून बघितलं तर शेपूट गायब, छान बारीक गोल! मग चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासला, लांबच्या नंबरात सिलिंड्रिकल निघाला, डॉक्टर लोक ज्याला अॅस्टिग्मॅटिझम म्हणतात तो. बुबुळाचा वक्रपणा सगळीकडं सारखा नसला की प्रकाशाचा बारीक बिंदू फाकतो, रात्री समोरच्या गाडीचे लाइट ज्यांना फाटल्यासारखे दिसतात त्यांना हे लगेच समजेल. हा नंबर खूप जणांना असतो आणि माहीत नसतो. लांबचा चष्मा घालून बघितलं तर ठिपका नव्वद टक्के गोल झाला. रिटर्न रद्द केलं.

आता मापाचं. ठिपक्याचं माप एमओए मध्ये देतात, म्हणजे मिनिट ऑफ अँगल, तो कोन असतो, एका अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डावर १ एमओए म्हणजे साधारण एक इंच हे सगळे पाठ म्हणून दाखवतात पण आपण मारतो दहा मीटरवर, तिथं १ एमओए म्हणजे जेमतेम २.९ मिमी. म्हणजे ३ एमओए चा ठिपका दहा मीटरवर पावणेनऊ मिमी झाकतो आणि ६ एमओए चा साडेसतरा. आता हे टार्गेटवर ठेवून बघा. दहा मीटर एअर पिस्तूलच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमी, नवाचं २७.५ मिमी, आणि सगळा काळा भाग ५९.५ मिमी. म्हणजे ३ एमओए चा ठिपका दहाच्या वर्तुळात बसतो आणि कडेनं थोडं काळं उरतं, ६ चा ठिपका दहाचं वर्तुळ पूर्ण गिळून बाहेर येतो. आकडे डोक्यात बसत नसतील तर १० रुपयाचं नाणं घ्या, ते २७ मिमीचं, म्हणजे जवळपास नवाचं वर्तुळच. ते नाणं दहा मीटरवर चिकटवा आणि साइटमधून ठिपका त्यावर ठेवा. नाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा ठिपका दिसला तर तो ३ एमओए च्या आसपास. माझ्या साइटच्या माहितीत ३ लिहिलंय पण उजेड मधल्या पायरीवर असताना तो निम्मं नाणं झाकत होता. सगळ्यात खालच्या पायऱ्यांवर आणला तेव्हा कुठं तिसऱ्या हिश्श्यावर आला.

इथं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते, ठिपक्याचा आकार आणि त्याचं तेज या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. तेज वाढवलं की ठिपका फुगतो, कडा फाटतात, आणि सिलिंड्रिकल नंबर असेल तर शेपूट अजून लांब होतं. नवीन माणूस साइट हातात आली की पहिलं काम काय करतो तर फुल्ल ब्राइटनेस, आणि मग म्हणतो ठिपका बेकार आहे. शेडमध्ये ट्यूबलाइटखाली मला खालून दुसरी पायरी पुरते. गच्चीवर एप्रिलच्या दुपारी बघितलं तर मात्र शेवटच्या पायरीला पण पांढऱ्या कागदावर ठिपका शोधावा लागला, सोलापूरचं ऊन या साइटला झेपत नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. घरात, शेडमध्ये, संध्याकाळी मारणार असाल तरच ही घ्या.

चार खुणांबद्दल आता सविस्तर. फुली आणि गोलातली फुली या दोन्ही माझ्या मते पिस्तूलसाठी निरुपयोगी आहेत, दोन-दोन आठवडे देऊन बघितल्या. रायफल खांद्याला टेकलेली असते, तिथं फुलीच्या रेघा सरळ उभ्या-आडव्या ठेवता येतात. पिस्तूल हात लांब करून धरलेलं, मनगट कायम थोडं फिरतंच, त्यामुळं फुली तिरपी दिसली की मन तिला सरळ करायला धावतं आणि तेवढ्यात ट्रिगर ओढायची वेळ निघून जाते. शिवाय स्वस्त साइटमध्ये रेघा जाड असतात आणि नेमक्या जिथं मारायचंय तिथंच एकमेकींना छेदतात, म्हणजे मधला भाग सगळ्यात जास्त झाकला जातो. माझ्या वहीत फुलीचे दोन आठवडे सगळ्यात खराब आहेत.

गोल आणि मध्ये ठिपका, याच्याबद्दल माझं मत दोनदा बदललं. सुरुवातीला आवडलं नाही, काचेत गर्दी वाटली. मग लक्षात आलं की पिस्तूल खालून वर उचलताना नुसता ठिपका सापडतच नाही. नवीन माणसाचं हेच होतं, हात वर येतो, काच रिकामी, मग तो मनगट हलवून ठिपका शोधत बसतो. गोल असला की त्याची एखादी कमान काचेच्या कडेला दिसते आणि कमानीवरून कळतं ठिपका कुठल्या बाजूला आहे, हात आपोआप तिकडं वळतो. भाच्यानं पहिले दोन महिने गोलावरच काढले आणि त्याची उचल एकदम सरळ झाली. पुण्याचा एक मित्र येताना त्याची भारीतली साइट घेऊन आला होता, तिच्यात २ एमओए चा ठिपका आणि ३२ एमओए चा गोल. ती आम्ही शेडमध्ये लावून बघितली. ३२ एमओए म्हणजे दहा मीटरवर ९३ मिमी, आणि टार्गेटवर पाचाचं वर्तुळ ९१.५ मिमी! म्हणजे गोल बरोबर पाचाच्या रेघेवर जाऊन बसतो आणि आतला काळा भाग सगळीकडून सारख्या पांढऱ्या पट्ट्यात अडकतो. एवढं सुंदर दिसतं ते, डोळा गोलात गोल लगेच जुळवतो, ठिपक्याकडं बघायची पण गरज वाटत नाही. आणि माझ्यासारख्या शेपूटवाल्या डोळ्यांना फायदा असा की ठिपका जरा फाटला तरी मोठा गोल तेवढा बिघडत नाही. ते तीन तास मी विसरणार नाही. माझ्या स्वस्त साइटचा गोल मात्र मापानं मोठा आणि जाड, तो पाचाच्या बाहेर पांढऱ्या कागदावर कुठंतरी पडतो, ती जुळणी होत नाही. म्हणून सांगतो, गोलाचं रेटिकल घेणार असाल तर गोलाचं माप विचाराच, विकणारा सांगू शकत नसेल तर त्याच्या गोलावर पैसे घालू नका.

जगात मोठ्या कंपन्या काय देतात ते माहीत असावं म्हणून लिहितो. इलेक्ट्रॉनिक रेड डॉट पहिल्यांदा बाजारात आणला स्वीडनच्या एमपॉइंटनं, १९७५ साली. पिस्तूलवर बसणारी ट्रिजिकॉनची बटणानं तेज बदलता येणारी आरएमआर टाइप २ ही १, ३.२५ आणि ६.५ एमओए अशा तीन ठिपक्यांत येते, एका साइटला एकच ठिपका, म्हणजे घेतानाच ठरवावं लागतं. होलोसनच्या ५०७ सी मध्ये २ एमओए चा ठिपका, ३२ चा गोल, किंवा दोन्ही एकत्र, बटण दाबून बदलतं. आणि प्रायमरी आर्म्सचं एसीएसएस व्हल्कन म्हणून एक रेटिकल आहे, त्यात बाहेरचा गोल एवढा मोठा की पिस्तूल सरळ धरलं की तो दिसतच नाही, फक्त मधलं बाणाचं टोक दिसतं, हात चुकला तरच गोलाची कमान काचेत येते आणि वाट दाखवते. उचलताना ठिपका हरवतो या अडचणीवर एवढा नेमका उपाय मी दुसरा बघितला नाही. मोठा ठिपका पण उगाच बनवत नाहीत, जिथं पटकन मारायचंय आणि टार्गेट मोठं आहे तिथं ६ एमओए लवकर सापडतो. आपल्या कागदी टार्गेटला तो चालत नाही एवढंच.

रंगाचं बोलू. दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो, त्यामुळं हिरवा ठिपका कमी तेजावर पण उठून दिसतो, आणि माझं शेपूट हिरव्यात थोडं आखूड होतं. पण हे मागं काय आहे त्यावर अवलंबून. माझी लटकवलेली चादर लाल-मरून, मोराच्या नक्षीची. टार्गेटचा कागद छोटा लावला की कडेला चादर दिसते आणि पिस्तूल उचलताना लाल ठिपका त्या मोरांमध्ये हरवतो, लाल गोल तर पूर्णच विरघळतो. हिरवा केला की लगेच सापडतो. उलट मित्राच्या शेतात कडुलिंबाखाली गेलो तिथं हिरवा दिसेना, लालच बरा. काळ्या टार्गेटच्या मधोमध मात्र मला लालच आवडतो, कमी तेजातला, निखाऱ्यासारखा.

तक्रारी तीन. पहिली, खुणांचा खटका फिरवला की नेम सरकतो. ठिपक्यावर झिरो केलं, म्हणजे ठिपका असेल तिथंच छर्रा लागेल अशी साइट जुळवली, आणि गोलावर गेलो तर छर्रे उजवीकडं साधारण बोटभर जायला लागले, परत ठिपक्यावर आलो तर तेही पहिल्या जागी नेमके आले नाहीत. चार खुणा मिळतात म्हणून आनंदानं रोज बदलायला जाऊ नका, एक धरा, त्यावर झिरो करा आणि खटक्याला हात लावू नका. दुसरी, स्प्रिंगच्या पिस्तूलला धक्का मागंही बसतो आणि लगेच पुढंही, त्यानं माउंट हळूहळू मागं सरकला, दीडशे-दोनशे छर्ऱ्यांनंतर लक्षात आलं. खाच आणि माउंट दोन्ही पेट्रोलनं पुसून तेलकटपणा काढला, अॅलन कीनं आवळलं आणि माउंटच्या मागं पेन्सिलनं खूण केली, आता दर वेळी खूण बघतो. तिसरी, पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेमही सरकतो. पिस्तूल पोत्यावर पक्कं ठेवून फक्त डोकं डावी-उजवीकडं हलवलं तर ठिपका दहाच्या मध्यातून नवाच्या कडेपर्यंत सरकला. यावर उपाय एकच, ठिपका कायम काचेच्या मधोमध ठेवून मारायचं. या बाबतीत बाहेरचा गोल असलेलं रेटिकल मदत करतं, गोल काचेच्या चौकटीत मधोमध बसला की डोळा पण आपोआप मधोमध येतो.

ज्यांची मुलं स्पर्धेच्या तयारीला आहेत त्यांनी मात्र हे सगळं वाचून साइट मागवू नये. आंतरराष्ट्रीय नियमात दहा मीटर एअर पिस्तूलला फक्त उघडी साइट चालते, काचेची, ठिपक्याची कुठलीच चालत नाही. मनू भाकरनं २०२४ ला पॅरिसमध्ये या प्रकारात ब्राँझ घेतलं ते माशी आणि खाचेवरच, आणि आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या एशियाडला २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड घेऊन आली तेही तसंच. भाच्याला पुढं स्पर्धेत उतरायचंय म्हणून त्याचं आता ठिपक्यावरचं मारणं बंद केलंय, उचल शिकण्यापुरतं वापरलं, तेवढं पुरे.

आणखी एक गोष्ट, घरी आणि शेजारी सगळ्यांना वाटतं की हे लेझर आहे. बायको पहिल्या दिवशी म्हणाली, अहो ते पोरांच्या डोळ्यात मारू नका. लेझर नाही हे, आतल्या छोट्या एलईडीचा उजेड काचेवरून परत आपल्याच डोळ्यात येतो, टार्गेटवर काहीच पडत नाही, समोरच्याला ठिपका दिसत नाही. पण तिची काळजी योग्यच होती, छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून शेडमध्ये मारणारा असो की बघणारा, प्लॅस्टिकचा चष्मा घातल्याशिवाय आत घेत नाही, आणि पाखरांवर नेम धरणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवतो.

मग घ्यावं काय? कागदावर दहा मीटरवरून मारणार आणि डोळे ठीक असतील तर ३ एमओए चा नुसता ठिपका, लाल, तेज सगळ्यात कमी. हात नवीन असेल किंवा डोळ्यात सिलिंड्रिकल नंबर असेल तर बारीक रेघेचा ३२ च्या आसपासचा गोल आणि मध्ये २ चा ठिपका, पैसे थोडे जास्त जातील पण जाऊ द्या. चार खुणांच्या स्वस्त साइटला मी पाचातले अडीच देतो, आणि ते पण फक्त तिच्यातल्या दोन खुणांसाठी.

मागच्या रविवारी अण्णांना शेडमध्ये घेऊन गेलो. ७६ वय, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, माशी वगैरे त्यांना आता काहीच दिसत नाही. खुर्चीवर बसवलं, कोपराखाली पोतं दिलं, मित्राला फोन करून पुण्याहून ती साइट आठवडाभरासाठी मागून घेतली होती ती लावून दिली, गोलातला ठिपका, हिरवा. म्हणलं, अण्णा, हिरव्या गोलात काळा गोल बसवा आणि हळू ओढा. पाच छर्रे मारले, तीन काळ्यात, त्यातला एक नवाच्या आत. कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, गड्ड्यावर मला असलं द्यायला पाहिजे होतं रे. त्यांच्यासाठी तसलीच एक बघतोय, सोलापुरात कोणाकडं २ आणि ३२ वाली वापरलेली असेल, काचेला ओरखडा नसेल, तर सांगा.